साडेसातची तालीम: युरोपात एक छोटे अ‍ॅप घडवताना

२०२१ च्या नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी जर्मनीतल्या लाइपझिगमधील आमच्या गायनवृंदाचे पंधरा-सोळा सभासद सभागृहाच्या बंद दाराबाहेर जवळजवळ तासभर थंडीत उभे राहिले, आणि त्याला कारण मी होते. तालीम नेहमीप्रमाणे संध्याकाळी साडेसातला होती, परंतु मी लिहिलेल्या अ‍ॅपने सर्वांना साडेसहाची वेळ दाखवली होती. आदल्या रविवारी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, युरोपातील घड्याळे एक तास मागे गेली होती. मी प्रत्येक तालमीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवून ठेवत असे. उन्हाळ्यात जर्मनीची घड्याळे त्या वेळेच्या दोन तास पुढे असतात आणि हिवाळ्यात एक तास, त्यामुळे उन्हाळ्यात बरोबर दिसणारी प्रत्येक तालीम त्या रविवारनंतर एक तास अलीकडे सरकली. मी सांगलीत वाढले, पुण्यात सहा वर्षे नोकरी केली, आणि या साऱ्या काळात घड्याळ वर्षातून दोनदा हलवावे लागते ही गोष्ट माझ्या हाताला कधी लागलीच नव्हती; माहीत होती, पण हाताला लागली नव्हती. युरोपीय संसदेने २०१९ च्या मार्चमध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मतदान केले होते, तरी सदस्य राष्ट्रांचे एकमत न झाल्याने घड्याळे आजही फिरतातच.

त्या संध्याकाळी मला कोणी बोलले नाही. वृंदाच्या अध्यक्षांनी थर्मासमधला चहा सर्वांना वाटला आणि मला एवढेच विचारले, की मार्चमध्ये घड्याळे पुन्हा पुढे जातील तेव्हा काय होईल. त्या रात्री मी वेळ साठवण्याची रीत मुळापासून बदलली: स्थानिक वेळ आणि ‘युरोप/बर्लिन’ हे कालक्षेत्राचे नाव, दोन्ही सोबत ठेवायचे आणि प्रमाणवेळेचा हिशेब त्या-त्या क्षणी करायचा. पुढच्या दहा वर्षांतील मार्च आणि ऑक्टोबरच्या प्रत्येक शेवटच्या रविवारसाठी चाचण्याही लिहिल्या. त्या आजही प्रत्येक आवृत्तीपूर्वी चालतात.

हे अ‍ॅप मुळात व्यवसाय म्हणून सुरू झालेच नाही. मी २०१८ साली एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीसाठी लाइपझिगला आले आणि जर्मन सुधारावी म्हणून पुढच्या वर्षी वस्तीतल्या हौशी गायनवृंदात दाखल झाले. या शहरात थॉमानर हा मुलांचा वृंद १२१२ सालापासून गात आला आहे. त्याच्या सावलीत किती हौशी वृंद वाढले आहेत याची मला तोवर कल्पना नव्हती. आमच्या वृंदात ४३ माणसे होती आणि हजेरी कागदावर घेतली जात असे. निम्म्या लोकांना ईमेल वाचायची सवय नव्हती, आणि संदेशांच्या लोकप्रिय अ‍ॅपवर गट काढू या, असे मी सुचवले तेव्हा सात-आठ जणांनी शांतपणे सांगितले की त्यांचा फोन नंबर आणि संपर्कयादी अशा ठिकाणी द्यायची त्यांची इच्छा नाही. मला ते तेव्हा जुनाट वाटले. आज तसे वाटत नाही.

महामारीनंतर तालमी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा एका खोलीत किती जणांनी गायचे यावर मर्यादा होती. दिग्दर्शकांना मंगळवारपूर्वी समजणे आवश्यक होते, की सोप्रानो (उंच स्त्रीस्वर) किती येणार, आल्टो (खालचा स्त्रीस्वर) किती, आणि टेनर (उंच पुरुषस्वर) दोन तरी येणार की नाही. ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ एवढी दोन बटणे असलेले अ‍ॅप मी तीन आठवड्यांच्या संध्याकाळी बसून लिहिले. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालावे म्हणून फ्लटर निवडले; या साधनाने एकदाच लिहिलेले अ‍ॅप दोन्हींवर चालते.

पुण्यात असताना माझी अशी समजूत होती की ही सारी साधने कॅलिफोर्नियातच जन्मतात आणि बाकीचे जग ती वापरते. फ्लटरसाठी जी डार्ट भाषा लिहावी लागते ती लार्स बाक आणि कास्पर लुंड या दोघांनी डेन्मार्कमधील ऑरहुस येथे घडवली आणि २०११ साली त्याच शहरातील एका परिषदेत जगापुढे आणली. अँड्रॉइडचे बहुतेक नवे काम ज्या कोटलिन भाषेत होते ती प्राग येथे मुख्यालय असलेल्या जेटब्रेन्सची. २०१७ च्या मे महिन्यात गूगलने तिला अधिकृत पाठिंबा दिला. सांगलीत आमच्या घरी आलेला पहिला मोबाइल नोकियाचा होता, म्हणजे फिनलंडमधील एस्पोचा. नोकियाचे फोन मागे पडले, पण त्याच एस्पोतील रोव्हिओने २००९ च्या डिसेंबरात रागीट पक्ष्यांचा (अँग्री बर्ड्स) खेळ आणला, शेजारच्या हेलसिंकीत २०१० साली सुपरसेल ही मोबाइल खेळांची कंपनी उभी राहिली, आणि स्टॉकहोममधील गाणी ऐकवणारी स्पॉटिफाय कोट्यवधी लोकांच्या खिशात गेली. माझ्या मते या वाढीमागे एक साधी गोष्ट होती. २००८ च्या जुलैमध्ये सुमारे ५०० अ‍ॅप्ससह अ‍ॅपलचे अ‍ॅप्सचे दुकान उघडले, त्यानंतर हेलसिंकीत बसलेल्या माणसाला लिस्बनमध्ये माल विकण्यासाठी तेथे वितरक शोधण्याची गरज उरली नाही. दुकान एक झाले. दुकानाबाहेरचा युरोपीय संघ मात्र २७ राष्ट्रांचा आणि २४ अधिकृत भाषांचाच राहिला, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाची खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

माझ्या पहिल्या आवृत्तीत ‘येणार नाही’ हे बटण दाबल्यावर कारण लिहिण्यासाठी एक चौकोन उघडत असे. मला त्यात सौजन्य दिसत होते. आपल्याकडे न येण्याचे कारण न सांगणे हा उद्धटपणा समजला जातो. महिन्याभराने वृंदाच्या खजिनदारबाईंनी मला तालमीनंतर थांबवले. त्या निवृत्त होण्यापूर्वी एका नगरपालिकेत काम करीत होत्या. त्यांनी फोन उघडून दाखवला: एका सभासदाने ‘केमोथेरपी’ असे लिहिले होते, आणि ते ४३ जणांना दिसत होते. त्या सभासदाला ते फक्त दिग्दर्शकांना जाते असे वाटले होते. “तुला हे कशासाठी हवे आहे?” असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, की दिग्दर्शकांना समजावे म्हणून. त्या म्हणाल्या, “दिग्दर्शकांना माणसे मोजायची आहेत. आजार मोजायचे नाहीत.”

मी त्या रात्री जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम, पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या या नियमाची मला जी ओळख होती ती नोकरीतील प्रशिक्षणातून आलेली: दंड दोन कोटी युरोपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत, यांपैकी जो अधिक असेल तो, माहिती फुटल्यास ७२ तासांत कळवणे, आणि कुकीची ती कंटाळवाणी पाटी. मूळ मजकूर वाचताना पाचव्या कलमाशी थांबले. त्यात म्हटले आहे की माहिती उद्दिष्टाला आवश्यक असेल तेवढीच घ्यावी. नवव्या कलमात आरोग्याची आणि धर्मश्रद्धेची माहिती विशेष संरक्षणाखाली ठेवली आहे. म्हणजे माझ्या चौकोनात आरोग्याची माहिती साठत होती. आणि पुढे चर्चचे वृंद माझे अ‍ॅप वापरू लागले तेव्हा लक्षात आले की एखाद्या पंथाच्या वृंदातील केवळ नावसुद्धा त्या माणसाच्या श्रद्धेविषयी काही सांगते. मी तो चौकोन काढून टाकला, जुन्या नोंदी पुसल्या, त्यांच्या राखीव प्रतीही पुसल्या, आणि त्या सभासदाची भेट घेऊन क्षमा मागितली. एखादा रकाना बनवण्यापूर्वी तो का हवा हे एका वाक्यात लिहून ठेवण्याची सवय मला त्या दिवसापासून लागली. वाक्य लिहिता आले नाही तर रकाना होत नाही.

त्यानंतर मी अ‍ॅपमध्ये अक्षरशः घरझडती घेतली. वापराचे मोजमाप करणारा तयार घटक मी पहिल्या दिवशी सवयीने जोडला होता. तो काढला, आणि त्याबरोबर संमतीची पाटी दाखवण्याची गरजही संपली. सूचना फोनपर्यंत पोहोचवण्यासाठी गूगल किंवा अ‍ॅपलच्या यंत्रणेतून जावेच लागते, त्यामुळे सूचनेत कोणाचेही नाव, ठिकाण वा मजकूर न ठेवता फक्त ‘नवीन निरोप आहे’ एवढेच पाठवायचे आणि उरलेले अ‍ॅपने उघडल्यावर फ्रँकफर्टमधील सर्व्हरवरून आणायचे, असे ठरवले. युरोपीय न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी अमेरिकेकडे माहिती पाठवण्याची तोवरची कायदेशीर चौकट रद्द केली होती, आणि नवी चौकट २०२३ च्या जुलैमध्ये आली. मधली तीन वर्षे लहान विकासकांनी कशी काढली हे त्यांनाच माहीत. २०२२ च्या जानेवारीत म्युनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण ते पाहणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील ओळखक्रमांक) अक्षरवळणे (फॉन्ट) उतरवून घेताना गूगलच्या सर्व्हरकडे जात होता. ती बातमी वाचून मी माझे अ‍ॅप तपासले. अक्षरवळणांचा जो तयार संच मी घेतला होता तो अ‍ॅप चालू असताना ती इंटरनेटवरूनच उतरवीत होता, आणि मी ते कधी पाहिलेच नव्हते. अक्षरवळणे अ‍ॅपच्या आतच बांधायला दहा मिनिटे लागली. अ‍ॅपमधील कोणता तुकडा कोणाशी बोलतो हे न पाहता तो जोडण्याची आपल्या व्यवसायाची सवय किती खोल आहे, याची लाज मात्र बरेच दिवस राहिली.

२०२३ साली दुसऱ्या वृंदांनी विचारणा सुरू केली. येथे मला अशी एक गोष्ट समजली जी कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने सभासदांच्या माहितीची जबाबदारी त्या-त्या वृंदाची असते आणि मी त्यांच्या वतीने ती हाताळणारी ठरते. म्हणून अठ्ठाविसाव्या कलमानुसार प्रत्येक वृंदाशी माझा लेखी करार हवा. तो अकरा पानांचा झाला. आता जर्मनीतील गायनवृंद बहुधा नोंदणीकृत संस्था असतात, त्यांची कार्यकारिणी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा भरते, आणि करारावर अध्यक्षांची सही त्या बैठकीतच होते. म्हणजे एका नव्या वृंदाला अ‍ॅप दाखवले की ते वापरात यायला अडीच-तीन महिने. एका रात्रीत हजारो लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतल्याच्या कथा ऐकून वाढलेल्या मला हे सुरुवातीला सहन होत नसे. पण त्या बैठकांना मी स्वतः जाऊ लागले आणि तेथील प्रश्न ऐकले. आमची यादी आम्हाला पूर्ण परत मिळेल का, तू उद्या आजारी पडलीस तर सर्व्हर कोण पाहील, सोळा वर्षांखालील मुलांचे उत्तर त्यांचे पालक देऊ शकतील का. हे प्रश्न अडवण्यासाठी नव्हते. यादी उतरवून घेण्याची सोय, पालकांचे खाते, आणि माझ्या अनुपस्थितीत काम पाहणाऱ्या एका सहकाऱ्याशी केलेला लेखी करार, या तिन्ही गोष्टी त्या बैठकांतूनच आल्या.

भाषेविषयी थोडे सांगते. जर्मन शब्द लांब असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण बटणावर ‘बेनाखरिश्टिगुंग्स-आइनश्टेलुंगेन’ (सूचनांच्या सेटिंग्ज) लिहायची वेळ आली आणि फ्लटरने पडद्याच्या कडेला काळे-पिवळे पट्टे काढून मजकूर मावत नसल्याचे दाखवले, तेव्हा त्या लांबीचा अर्थ कळला. संबोधनाचा प्रश्न मला मराठीमुळे लवकर उमगला. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे. आमच्या वृंदात सर्व जण एकमेकांना तू म्हणतात, चर्चच्या एका वृंदातील ज्येष्ठांना मात्र यंत्राने तू म्हटलेले खटकले. शेवटी बटणांवर क्रियापदाची मूळ रूपे वापरली, म्हणजे कोणालाच संबोधण्याची गरज उरली नाही. पोलंडमधील क्राकाऊ आणि लाइपझिग ही १९७३ पासून जोडशहरे आहेत, आणि त्या नात्यातून ओळख झालेल्या तेथील एका वृंदाने पोलिश आवृत्ती मागितली. मराठीत एक तालीम आणि दोन तालमी झाल्या की हिशेब संपतो. पोलिशमध्ये १ साठी एक रूप, २ ते ४ साठी दुसरे, ५ पासून तिसरे, १२ साठीही तिसरेच, आणि २२ आले की पुन्हा दुसरे. संख्येपुढे शब्द चिकटवून वाक्य बनवणारा माझा सगळा कोड त्यामुळे मोडून पुन्हा लिहावा लागला. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात, हे तर मी माझ्या पहिल्याच तालमीला एक तास उशिरा पोहोचून शिकले होते.

या प्रवासात मला सर्वाधिक शिकवले ते आमच्या आल्टो विभागातील एका दृष्टिहीन गायिकेने. २०२३ च्या वसंतापर्यंत ती अ‍ॅप वापरत नाही, दिग्दर्शकांना दूरध्वनी करते, हे मला माहीत होते. का वापरत नाही, हे मी विचारले नव्हते. एका तालमीपूर्वी ती माझ्या शेजारी बसली, तिने फोनवरील पडदा-वाचक, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय, चालू केला आणि माझे अ‍ॅप उघडले. फोन बोलू लागला: “बटण. बटण. बटण. चित्र. बटण.” मी चिन्हांची बटणे केली होती आणि एकालाही नाव दिले नव्हते. कोण येणार आणि कोण नाही हे मी हिरव्या व लाल ठिपक्यांनी दाखवले होते. तिच्यासाठी तेथे काहीच नव्हते, आणि रंगांधळ्या माणसालाही ते दोन ठिपके सारखेच दिसले असते. सर्वांत वाईट गोष्ट पुढे होती. ‘येणार नाही’ हे उत्तर देण्यासाठी मी ओळ डावीकडे सरकवण्याची युक्ती योजली होती आणि तिचा मला अभिमान होता. पडदा-वाचक चालू असताना बोट सरकवणे म्हणजे पुढच्या किंवा मागच्या घटकाकडे जाणे. म्हणजे तिला माझ्या अ‍ॅपमध्ये ‘येणार नाही’ असे म्हणताच येत नव्हते.

पुढचे सहा मंगळवार ती तालमीच्या अर्धा तास आधी येत राहिली. तिचा पडदा-वाचक इतक्या वेगाने बोलतो की मला पहिल्या दोन आठवड्यांत एक शब्दही कळला नाही, ती मात्र त्या वेगात चुका दाखवीत असे. एका तालमीची माहिती ऐकायला तिला चार वेळा बोट सरकवावे लागते हे तिने दाखवले. मी तारीख, वेळ, ठिकाण आणि उत्तर एकत्र जोडून त्याचे एक वाक्य केले: मंगळवार, साडेसात, तालीम, तुझे उत्तर, येणार. ठिपक्यांशेजारी शब्द आले. स्पर्शाची जागा अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे ४८ एककांची झाली, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद किमान ४.५ ला १ झाला. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पडदा कोलमडू नये यासाठी जवळजवळ प्रत्येक पान पुन्हा मांडले. हा बदल तिच्यासाठी नव्हताच, पण त्याबद्दल सर्वाधिक आभार मानले ते बास (खालचा पुरुषस्वर) विभागातील सत्तरी ओलांडलेल्यांनी. चष्मा खिशातून न काढता आता वाचता येते, असे त्यांनी सांगितले.

एक गोष्ट मात्र मी सोडवू शकले नाही. आमची स्वरलिपी छापील कागद स्कॅन करून चढवलेली असते, म्हणजे पडदा-वाचकासाठी ती निव्वळ चित्रे. तिची स्वरलिपी ब्रेलमध्ये असते, आणि त्यासाठी लाइपझिगमध्येच १८९४ साली सुरू झालेले, आज सुलभ वाचनाचे जर्मन केंद्र या नावाने चालणारे ग्रंथालय आहे, जेथे ब्रेल स्वरलिपी तयार होते. अ‍ॅपमध्ये मी एवढेच करू शकले, की एकाच रचनेसाठी दोन प्रकारच्या फाइली ठेवता येतील आणि प्रत्येकाला आपल्याला हवी ती समोर दिसेल. दिग्दर्शकांनी कार्यक्रम ठरवण्याची तारीख दोन महिने अलीकडे आणली, कारण ब्रेल प्रत तयार व्हायला वेळ लागतो. तो निर्णय कोणत्याही अ‍ॅपपेक्षा मोठा होता.

युरोपचा सुलभतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. मी त्याचा मजकूर वाचला तेव्हा समजले, की दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आणि वीस लाख युरोंहून कमी उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे वर सांगितलेले काहीही करणे मला बंधनकारक नव्हते. एकट्या माणसावर कागदपत्रांचा आणखी एक डोंगर टाकला नाही हे योग्यच झाले. पण मी ही सूट आधी वाचली असती, तर त्या सहा मंगळवारांचे काम पुढे ढकलले असते, अशी मला भीती वाटते.

गूगल आणि अ‍ॅपलच्या दुकानांत अ‍ॅप ठेवण्याचा टप्पा २०२४ च्या जानेवारीत आला. त्यापूर्वी वर्षभर कागदपत्रे चालली होती: नोकरीच्या करारानुसार जोडधंद्याला मालकाची लेखी संमती, नगरपालिकेत व्यवसायाची नोंद, करखात्याचा प्रश्नसंच. कायम वास्तव्याचा परवाना मला आधी मिळालेला होता, म्हणून परदेशी नागरिकांना स्वतंत्र व्यवसायासाठी जी वेगळी परवानगी लागते तो एक फेरा वाचला. दोन दुकानांपैकी एकाचा नियम असा होता, की नव्या वैयक्तिक खात्याने किमान वीस परीक्षक सलग चौदा दिवस टिकवून दाखवावेत. मी वृंदातील अँड्रॉइडवाल्यांची मोजदाद केली. बरोबर वीस निघाले. नवव्या दिवशी एका टेनर गायकाने नवा फोन घेतला आणि परीक्षकांच्या यादीतून तो बाहेर पडला. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या वेळी मी शेजारच्या वृंदातून आणखी सहा जण मागून घेतले. दुसऱ्या दुकानाने अ‍ॅप दोनदा परत पाठवले: पहिल्यांदा तपासनिसाला आत शिरण्यासाठी खाते दिले नव्हते म्हणून, दुसऱ्यांदा सभासदाला आपले खाते अ‍ॅपमधूनच पुसता येत नव्हते म्हणून. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य होता. मी ती सोय ईमेलवर ठेवली होती, आणि निघून जाणाऱ्याला विनंतीपत्र लिहायला लावणे चूकच होते.

ज्या नियमाने माझी झोप उडवली तो मात्र वेगळा होता. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार दुकानांत माल विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल ग्राहकाला दिसायला हवा. १७ फेब्रुवारी २०२५ पासून अ‍ॅपलने ही माहिती न देणारी अ‍ॅप्स युरोपीय संघातील आपल्या दुकानातून काढायला सुरुवात केली. मी वृंदांकडून वर्षाला ६० युरो घेते, म्हणजे व्यापारीच. माझे कार्यालय म्हणजे माझे घर, आणि त्या घरात मी व माझी सात वर्षांची मुलगी राहतो. जर्मन कायद्याला टपालपेटी पुरत नाही, न्यायालयाची नोटीस हातात देता येईल असा पत्ता लागतो. मोठ्या कंपनीला हा नियम जाणवतही नाही. एकट्या बाईला तो दाराच्या कडीइतका जवळचा आहे. ग्राहकाला विक्रेता सापडलाच पाहिजे हे मला पटते. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विक्रेता म्हणजे इमारत असावी, माणूस नसावा, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. मी शेवटी एका सामायिक कार्यालयात महिन्याच्या भाड्याने पत्ता आणि टपाल स्वीकारण्याची सोय घेतली. अ‍ॅपच्या सर्व्हरपेक्षा त्या पत्त्यावर माझा अधिक खर्च होतो.

दुकानांच्या मक्तेदारीविषयी युरोपात जी मोठी लढाई चालू आहे ती माझ्या खिडकीतून थोडी वेगळी दिसते. ७ मार्च २०२४ पासून डिजिटल बाजार कायद्याची बंधने मोठ्या कंपन्यांवर आली, आयफोनवर पर्यायी दुकाने उघडण्याची वाट झाली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅपलला ५० कोटी युरोंचा दंड केला, कारण विकासकांना दुकानाबाहेरच्या स्वस्त पर्यायांची माहिती ग्राहकांना मोकळेपणाने देता येत नव्हती. मला या कायद्याचे महत्त्व पूर्ण मान्य आहे. पण माझ्या वृंदातील पंच्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना दुसऱ्या दुकानातून अ‍ॅप उतरवा असे मी सांगू शकत नाही. ते मला फोन परत देतील. माझ्यापुरता दुकानांना द्यायच्या कमिशनचा प्रश्न जर्मन खजिनदारांनी सोडवला. त्यांना अ‍ॅपमध्ये पैसे भरायचेच नसतात. त्यांना कागदावरचे बिल हवे, त्यावर क्रमांक हवा, आणि पैसे बँकेतून बँकेत जायला हवेत. आज ३४ वृंद आहेत. सर्व्हर, पत्ता आणि हिशेबनीस यांचे पैसे देऊन जे उरते त्यातून मी नोकरी सोडू शकत नाही, आणि तसा माझा विचारही नाही.

गेल्या शरदात आमच्या वृंदाने प्रत्येक विभागासाठी एकेक प्रतिनिधी निवडला, ज्याने तालमीच्या सुरुवातीला अ‍ॅपवर प्रत्यक्ष हजेरी नोंदवायची. कागदी यादी होती तोवर आल्टो विभागातील त्या गायिकेला हे काम कधी कोणी विचारलेच नव्हते. आता मंगळवारी सात वीस झाले की ती दाराजवळच्या खुर्चीवर बसते, कानात एक इअरफोन घालते, आणि आत येणाऱ्या प्रत्येकीचा आवाज ऐकून तिच्या नावापुढे खूण करते. मागच्या आठवड्यात मी काही न बोलता तिच्यापुढून गेले. तिने मला हाक मारून थांबवले, माझे नाव नोंदवले, आणि सांगितले की नव्या आवृत्तीत शोधाच्या बटणाचे नाव पुन्हा हरवले आहे. ते मी त्याच रात्री दुरुस्त केले.